पॅड पडून राहत असल्याबाबत

प्रति,
मा. क्रीडा अधिकारी,
मुलींची क्रीडा वसतिगृहे विभाग.

विषय: वसतिगृहातील सॅनिटरी पॅड शिल्लक राहण्याच्या खऱ्या कारणाची तातडीने चौकशी होणेबाबत.

संदर्भ: 'निरोगी वसतिगृह' म्हणून गौरव करणारे आपले पत्र.

महोदय,

मी या वसतिगृहाची गृहपाल. धावपटू मुलींच्या राहण्याची व्यवस्था माझ्याकडे आहे. पॅडची मागणी थांबल्याबद्दल आपण संदर्भीय पत्रात माझी पाठ थोपटलीत, आभारी आहे. परंतु त्यात माझे कर्तृत्व काही नाही. मुलींची पाळीच थांबवली आहे.

१. रोज सकाळी मैदानावर जाण्यापूर्वी प्रशिक्षक मुलींना रांगेत उभे करून 'ताकदीची गोळी' देतात आणि गिळल्याची खात्री करण्यासाठी जीभ बाहेर काढायला लावतात. स्पर्धेच्या काळात पाळीची कटकट नको, हा हेतू. मागची स्पर्धा केव्हाच आटोपली, गोळी मात्र चालूच आहे. मुलींना किंवा पालकांना कोणीही विचारलेले नाही.

२. मी हटकले असता प्रशिक्षक म्हणाले, "बाई, तुम्ही चादरी सांभाळा. मुली पळतायत ना?" पळतात, महोदय. पण संध्याकाळी जिन्यावर नुसत्या बसून राहतात. कोणाचे डोके ठणकते, कोणी उगाच रडते. पूर्वी या खोल्यांत पोटदुखीची कुरकुर असे, गरम पाण्याच्या पिशवीवरून भांडणे होत, मी ओरडून थकत असे. आता सगळे चिडीचूप असते. मला त्याचीच धास्ती वाटते.

३. माझ्या बहिणीची मुलगीही येथेच आहे. बहीण नको म्हणत असताना मीच हट्टाने तिला आणले. तिची डावी पोटरी सुजली आहे आणि हाताला गरम लागते. पाळी थांबवणाऱ्या गोळ्यांनी पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, असे मी ऐकून आहे. दवाखान्यात नेण्याची परवानगी मागितली, तर "लचक भरली असेल, स्पर्धेनंतर बघू" असे उत्तर मिळाले. प्रशिक्षकांच्या सहीशिवाय पहारेकरी मुलीला फाटकाबाहेर सोडत नाही. उद्या तिला धावायचे आहे.

सबब, आजच्या आज डॉक्टर पाठवावा, मुलीला बाहेर नेण्याचा लेखी आदेश द्यावा आणि ही गोळी बंद करावी. नोकरी गेली तरी चालेल. बहिणीला तोंड दाखवायचे आहे.

आपल्या आदेशाची फाटकाशी वाट पाहत,
(सही)
गृहपाल
दिनांक: स्पर्धेचा आदला दिवस

सोबत:
(१) गौरवपत्र, भिंतीवरून उतरवलेले, फ्रेमसह.
(२) गोळी, एक. भाचीने गालात धरून आणली, त्यामुळे अर्धी विरघळली आहे. दुसरी पाठवता येणार नाही. आजपासून गोळ्या कुटून दुधातून देतात.