मेणबत्तीचा शेवटचा तुकडा

प्रिय माय,

तू गेल्यापासून पुरवून वापरलेला तुझा बिस्किटाचा डबा आज रिकामा झाला, म्हणून लिहायला बसलो.

दर पौर्णिमेला बुद्धवंदना झाली की मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे तू त्यात टाकायचीस. मी कामावर निघालो की डबा पुढे करायचीस, "घेऊन जाय तुह्या मशीनसाठी." आणि साऱ्या उंद्री गावात सांगत फिरायचीस, "माहा पोरगा मशीनपुढंबी मेणबत्ती लावते, मंगच हात घालते!" शेजारच्या मावशीने मला विचारलंसुद्धा, "काऊन रे, मशीन आशीर्वाद देते का?" मी आपलं "हाव मावशी" म्हटलं. काय सांगणार होतो?

खरं आता सांगतो. टर्बाइनमधली वाफ कंडेन्सरमध्ये थंड होऊन तिचं पाणी होतं. आत गार पाण्याच्या नळ्याच नळ्या. त्या झिजून फुटल्या की त्यांचं खारं पाणी बॉयलरमध्ये जातं. मग अर्ध्या नळ्यांचं पाणी सोडून त्यांच्या तोंडाशी ज्योत धरायची. वाफेच्या बाजूची हवा काढून घेतलेली असते, म्हणून फुटकी नळी ज्योत आत ओढते. तिला दोन्हीकडून बूच ठोकायचं. एवढंच! यात वंदना कुठली गं?

आज तसंच झालं. नळी सापडली नाही तर बॉयलर बंद, सगळे मजूर घरी. हेल्परचा ठेकेदार झालो तो या कानांच्या जोरावर. हवेची शीळ कोणत्या कोपऱ्यातून येते ते कळलं. पण नेमकी नळी कोणती? डब्यात एकच तुकडा. लावला. ज्योत सरळच. मेण बोटांवर उतरलं. सलीम फिटर ओरडला, "भाऊ, सोडा ना, हात जलून राह्यला तुमचा!"

आणि ज्योत वाकली. तू मूर्तीपुढे वाकायचीस, तशी.

बूच ठोकलं. बॉयलर चालू राहिला. पण नळ्या म्हाताऱ्या झाल्यात, उद्या दुसरी फुटेल. सलीम म्हणतो, "नवी मेणबत्ती कापून घेऊ, त्यात काय!"

कापता येईल गं. पण रिकामा डबा समोर ठेवला आणि तुझं ते "पाच मिनिटं टेक रे बापू" आठवलं. मी तेव्हा चपला घालत असायचो. पोलादातली हवा ऐकणाऱ्या कानांना तेवढंच कसं ऐकू येत नव्हतं? आणि तूही काय माय, एकदा जोरात ओरडायचंस ना!

या पौर्णिमेला अख्खी मेणबत्ती मी लावीन. तिचा तुकडा होईपर्यंत उठणार नाही.

तुझा मशीनवाला,
बापू