उबेनं चालणाऱ्या गोगलगायी

प्रिय अण्णा,

तुम्ही जाऊन चार महिने झाले. आज लिहायला बसले, कारण आज दुपारी प्रयोगशाळेत तुमचं म्हणणं खरं ठरलं आणि ते ऐकायला तुम्ही नाही.

आठवतं ना? विजेच्या तारांभोवती असतं तसलं मंद चुंबकी क्षेत्र गोगलगायींवर काय परिणाम करतं, हे मला तपासायचं होतं. त्यासाठी तांब्याच्या तारेची कॉइल हवी होती. कसबा पेठेतल्या दुकानात तुम्ही पंप-पंख्यांच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून रिवाइंड करायचात. माझ्या कॉइलसाठी दोन दिवस गिऱ्हाइकं ताटकळत ठेवलीत. किती सुबक गुंडाळली होतीत!

मग एकदा प्रयोग बघायला आलात. चालू कॉइलमधल्या गोगलगायी भराभर शंखाबाहेर येत होत्या, कॉइल नसलेल्या दुसऱ्या पेटीतल्या आळसावून बसल्या होत्या. मी फुशारकीनं तुमच्याकडे बघितलं. तुम्ही मात्र सवयीप्रमाणे कॉइलला उलटा हात लावलात.

"तापतेय की गं! चुंबक कसलं, ऊब लागतेय त्यांना. त्या दुसऱ्या पेटीला स्वेटर विणून दे, त्याही पळतील."

"अण्णा, ही मोटार नाहीये!" सगळ्यांसमोर बोलले मी. का बोलले असं?

तुम्ही रागावला नाहीत. जिना उतरताना एवढंच म्हणालात, "दुसऱ्या पेटीलाही कॉइल घाल. तार दुहेरी घे. एकीतनं वीज जाऊ दे, दुसरीतनं उलटी येऊ दे. चुंबक मरेल, ताप तेवढाच राहील." मी हो हो म्हटलं आणि केलं काहीच नाही. माझा शोधनिबंध छापूनही आला.

तुमचं दुकान आवरताना तारेची रिळं घरी आणली होती. गेल्या आठवड्यात तशी कॉइल मीच गुंडाळली. ओबडधोबड झाली, तुम्ही हसला असतात. आज दोन्ही पेट्यांतल्या गोगलगायी सारख्याच चालल्या. माझी तीन वर्षं पाण्यात गेली अण्णा, पण रडू आलं ते त्यासाठी नव्हे.

एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही. निबंधाच्या शेवटी आभार मानताना मी लिहिलं होतं, 'कॉइल एका स्थानिक कारागिराकडून'. वडील मोटारी दुरुस्त करतात हे वाचणाऱ्यांना कळायला नको होतं मला. आणि तुम्ही? तो इंग्रजी कागद दुकानातल्या टेबलाच्या काचेखाली ठेवलात, येईल त्याला दाखवलात!

उद्या सकाळी माझ्या मार्गदर्शक मॅडमना सांगून निबंध मागे घेते. त्यांना आवडणार नाही, तरी घेते. चूक कुणी दाखवली हे लिहावं लागेल. तिथं तुमचं पूर्ण नाव घालीन आणि पुढे लिहीन, माझे वडील.

तुमची,
मनू