थंड यंत्रावर तापलेलं पाणी

८ ऑक्टोबर

थंड यंत्रावर एक्केचाळीस पोरांनी पाणी तापवलं! आणि मी एक्केचाळीस वह्यांवर सह्या ठोकल्या!

आज तोंडी परीक्षा होती. शेजारी बाहेरून आलेले परीक्षक. समोर खारूताई – पेन्सिलीची टोकं कुरतडते म्हणून मी मनात तिला हेच म्हणते. विचारलं, "पाणी उकळायला किती वेळ लागला?" पोरीनं पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाली, "मॅडम, ते यंत्र तापतच नाही. माझ्या वहीतले आकडे उतरवलेले आहेत."

परीक्षकांचा चहाचा कप हातातच राहिला. प्रयोगशाळेतल्या मामांना बोलावलं. ते म्हणाले, "कॉइल जूनमध्येच जळाली की. दोनदा अर्ज दिलाय मी." दोन्ही अर्ज माझ्याच खणात निघाले.

आणि मी काय केलं? नियमाप्रमाणे तिथल्या तिथे अहवाल लिहिला. तिच्या नावाचा. फक्त तिच्या.

९ ऑक्टोबर

सगळ्या वह्या घरी आणून बघितल्या. एकूण एक सारख्या. सातव्या नोंदीत तापमान उगाच अर्धा अंश मागे जातं – एक्केचाळीस वह्यांत! लेकांनी चूकसुद्धा वाटून घेतली. कुठेतरी एक मूळ वही असणार. वर्षानुवर्षं तिचे फोटो पुढे जात असणार.

आई डोकावली. "तूही त्याच प्रयोगशाळेत शिकलीस. पण असलं नाही गं कधी केलंस. सातला पट्टा बांधणारी तू!" सातच्या आकड्याला मी मधोमध आडवी रेघ मारते, त्यावरून तिची ही जुनी चेष्टा. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

१३ ऑक्टोबर

शिस्त समिती. लांब टेबल, पाच खुर्च्या आणि समोर ती, उभी. बस म्हणायचंही कुणाला सुचलं नाही. मीच खुर्ची ओढून दिली.

विभागप्रमुख म्हणाले, "मूळ वही कुणाची ते सांग. समज देऊन सोडतो. नाहीतर एक वर्ष बाहेर."

"नाही सांगणार."

"कुणाला घाबरतेस?"

"कुणालाच नाही, सर."

बाकीचे चाळीस कॅन्टीनमध्ये खिदळत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी! ही काही संन्यासी नाही, मान्य. पण कबुली दिली ती तिनं एकटीनंच. आणि तिला पकडून देणारी मी. आणि तरी रागही आला तिचा – अगं, कुणासाठी मरतेस एवढी? २१ तारखेला निर्णय.

१४ ऑक्टोबर

खारूताई वर्गात नाही.

१६ ऑक्टोबर

आजही नाही. मैत्रीण दबक्या आवाजात म्हणाली, "दोन दिवस जेवायला खाली आली नाहीये." तास सोडून दिला आणि वसतिगृहात गेले.

पडदे ओढलेले. कालचं ताट झाकलेलं, तसंच. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी खाली जमिनीवरच बसले. ती आपणहून बोलली. "एक वर्ष गेलं तर बाबा परत घरी नेणार. पुढचं शिक्षण बंद."

"मग सांगून टाक नाव!"

तिनं वळून पाहिलं. "तुम्हाला तर मुळीच नाही."

झोंबलं. पण पुढचं जास्त झोंबलं. म्हणाली, "ऑगस्टमध्ये आले होते मी सांगायला, यंत्र बिघडलंय म्हणून. तुम्ही म्हणालात – आधी वही पूर्ण कर, मग बोलू."

म्हणाले असेन. सगळ्यांनाच म्हणते! तोंडी बसलेलं वाक्य आहे माझ्या. मग कधी बोललेच नाही, कुणाशीच.

सरळ विचारलं, "जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का?" घाबरत विचारलं, पण विचारलं. ती रडली. म्हणाली, "काल वाटलं होतं. आज कमी." हात धरून खाली नेलं. निम्मं जेवली. मग समुपदेशक बाईंकडे दोघी चालत गेलो. तासभर मी बाहेर बाकावर बसून होते. मैत्रीण आता तिच्याच खोलीत झोपणार आहे. रोज सकाळी आठला मी फोन करायचा, असं तिघींत ठरलं.

१७ ऑक्टोबर

समितीला पत्र दिलं. एक्केचाळीस सह्या माझ्या आहेत, बाहेर काढायचं तर सुरुवात माझ्यापासून करा.

विभागप्रमुख म्हणाले, "भावनेच्या भरात नोकरी घालवाल, मॅडम."

"नोकरी गेली तर गेली. सह्या माझ्याच राहतील!"

"विभागाच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"ती जूनमध्येच जळाली, सर. कॉइलसकट."

दार जरा जोरात लागलं माझ्या हातून. लागू दे. स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही आणि निघाले पोरीच्या डोळ्यातलं कुसळ काढायला!

१८ ऑक्टोबर

आठचा फोन. तिनं उचलला. "जेवले," म्हणाली, मी विचारायच्या आतच.

मामांनी नवी कॉइल बसवली. चाळीसही जणांना उभं केलं. म्हटलं, "आता खरंच तापवा. येईल ते लिहा. वाकडं आलं तर वाकडंच लिहा, गुण त्यालाच आहेत." दोघांनी हात भाजून घेतले, एकानं तापमापी फोडली. एकाचंही उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही. इतक्या वर्षांत एवढा आनंद झाला नव्हता मला!

जाताना एकोणीस जणांनी कागदावर लिहून दिलं – आम्हीही उतरवलं होतं. मी मागितलं नव्हतं. बाकीचे एकवीस मान खाली घालून गेले. जाऊ देत. वय आहे.

१९ ऑक्टोबर

आठचा फोन. आवाज बरा. मूळ वहीचं आज विचारलं नाही. ज्याची असेल त्यानं स्वतः पुढे यावं – एवढी तरी लाज असावी माणसाला!

२० ऑक्टोबर

दुपारी मामा दार लोटून आत आले. कागदात गुंडाळलेली वही टेबलावर ठेवली. "कपाटामागे असते. पोरं हिचेच फोटो काढतात. त्या पोरीनं हात जोडले होते, मॅडमना दाखवू नका म्हणून. पण उद्या तिचं वर्ष जाणार, मला बघवेना."

पुठ्ठा नाही, पहिलं पान नाही. प्रत्येक सातला आडवी रेघ, फळ्यावर मी मारते तशीच.

मी इथे शिकत होते त्या वर्षीही कॉइल जळालेली होती. दुसऱ्या दिवशी वही द्यायची होती. उत्तरावरून उलटे आकडे काढले आणि खरं वाटावं म्हणून सातव्या नोंदीत अर्धा अंश मीच मागे घेतला. सरांनी खाली "उत्तम" लिहिलंय. विसरले होते, असं आत्ता इथे लिहिलं आणि खोडलं.

वही पिशवीत भरली आहे. उद्या अकरा वाजता समितीला नाव मी सांगणार.