पाय धुण्याची खुर्ची

अहो,

मी चर्चमध्ये पुढे गेलेय. जेवण झाकून ठेवलंय.

येशूने शिष्यांचे धुतले तसे फादर आज ज्या बारा जणांचे पाय धुणार, त्यातली तुमची खुर्ची मी भावजींना, तुमच्या सख्ख्या भावाला दिलीय. उपासकाळभर बेघरांच्या निवाऱ्यात मीच त्यांना जेवायला वाढतेय. त्यांचं तोंड बघायला नको म्हणून तुम्ही तिकडे फिरकत नाही, हे न कळायला मी काही दुधखुळी नाही. कमिटीवाले नाकं मुरडतील, तर मुरडू देत. तुम्ही सकाळीच पाय साबणाने घासून, नखं कापून बसलात. त्यांचे खरंच मळलेत.

रुसून घरी बसायचं तर खुशाल बसा. येणार असाल तर धुतलेला टॉवेल आणा. पाय पुसायला फादरना माणूस हवाय, मी तुमचं नाव सांगितलंय.