शेवटची धार

६ ऑगस्ट, धुळे
बाळी काचेच्या पेटीत. आठव्यातच आली, तीही सिझर करून. ओढायची ताकद नाही. मी दूध काढायचं, सिस्टर नळीने देणार. पहिले दोन दिवस थेंब नव्हता, आता येतंय. वजन १४२० ग्रॅम. सोळाशे झाली की घरी.

८ ऑगस्ट
व. १४१५. अक्का, म्हणजे सासूबाई, पारोळ्याकडच्या गावाहून रोज एसटीने डबा आणतात. बाजरीची भाकरी, शेपू, लसूण. डाळ बंद, शेंगदाणे बंद. केळं मागितलं तर, "थंड शे, पोरले बाधी." केळ्यांच्या मुलखात केळं बंद! भूक मात्र सारखी.

११ ऑगस्ट
व. १४१०. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर पावडर मिसळू. अक्कांनी बाटली उजेडाला धरली. "पातय शे." पातळ म्हणे. तीन म्हशी आहेत त्यांच्या, जन्म डेअरीला दूध घालण्यात गेला.

१३ ऑगस्ट
काल फ्रीजमधली एक बाटली गायब होती. आज उलगडा झाला. अक्कांनी गावी नेऊन डेअरीच्या मशीनवर फॅट काढली. माझ्या दुधाची! चिठ्ठीही आणली, वर छापलंय 'म्हैस', खाली फॅट २.१. "मनी म्हैसले सात लागस व. पोरनं पोट कसं भरी?"
डोकंच फिरलं. लेकीच्या तोंडचं दूध मशीनमध्ये! म्हटलं, मी तुमच्या गोठ्यातली नाही. अक्का डबा ठेवून निघून गेल्या.
खरं सांगायचं तर तो आकडा मलाही लागला. रडले.

१४ ऑगस्ट
सिस्टरना चिठ्ठी दाखवली. हसल्या नाहीत. विचारलं, पूर्ण रिकामं होईपर्यंत काढता का? नाही. टाके दुखतात, बाटली अर्धी झाली की थांबते.
"सुरुवातीचं पातळ असतं. दाट शेवटी येतं. ते वेगळ्या बाटलीत भरा, तिला तेच आधी देऊ." शिवाय लवकर बाळंत झालेल्या आईच्या दुधात सुरुवातीला प्रोटीन जास्त असतं म्हणे. आणि जेवण? "खाण्यानं फॅट फारशी वाढत नाही, पण तिचा प्रकार बदलतो. जवस, शेंगदाणे, केळं, सगळं खा. उपाशी राहू नका."

१५ ऑगस्ट
अक्का आल्या. आल्या हेच खूप. सिस्टरचं सगळं सांगितलं. कपाळावर हात मारला त्यांनी. "म्हैसनी शेवटली धार जाड ऱ्हास, हाई बठ्ठासले म्हाईत शे. मना ध्यानमाच नही उनं!" सगळ्यांना माहीत असलेलं माझ्याही ध्यानात नाही आलं. मी सायन्स शिकवते शाळेत.
बोलले त्याबद्दल माफी मागायची राहिली.

१८ ऑगस्ट
व. १४४५. चढलं! डब्यात जवसाची चटणी आणि वरण. केळं अजून नाही. मीच खाली जाऊन दोन घेतली. अक्कांनी पाहिलं आणि तोंड फिरवलं.

२१ ऑगस्ट
व. १४३५. दहा उतरले. का, कुणालाच सांगता येत नाही. पावडरचं उद्याच्या वजनावर ठरेल. केळ्यामुळेच, असं अक्का म्हणतील वाटलं होतं. म्हणाल्या नाहीत.
दुपारी दूध काढताना शेजारी बसल्या. धार थांबली, टाके ठणकत होते. मी बाटली खाली ठेवायला लागले तर पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "आखो शे. काढ." मला भीती वाटतेय हे त्यांना सांगितलं. "माले बी," म्हणाल्या.
काढलं. आणखी होतंच; वेगळ्या बाटलीच्या तळाला बोटभर आलं, दाट.