न बदलणारं मीठ

मोहर्ली
१८ ऑगस्ट

प्रिय रिना,

जय भीम. अश्विनलाही माझा जय भीम सांग. पाय सुजत असतील तर झोपताना खाली उशी घेत जा. परवा फोनवर तू विचारलंस, बाळ झालं की दोन वर्षं पुण्यालाच राहायला येशील का, म्हणजे तुझी पीएचडी अडणार नाही. मी म्हटलं, विचार करून सांगते. यात विचार काय करायचा, असंच तुला वाटलं असणार. तुझंही बरोबर आहे. तुझ्या मामाचं ऑपरेशन असो, शेजारच्या प्रेमिलाच्या सुनेचं बाळंतपण असो, मी पिशवी भरून निघालेच. तुझे बाबा गेल्यापासून तर सगळे धरूनच चालतात, सत्यशीलाबाई मोकळीच आहे.

मग तू लाडात येऊन म्हणालीस, "आई, तू माही सपोर्टिंग इलेक्ट्रोलाइट आहेस. तू राह्यली का सगळं बरोबर चालते." ऐकून मला इतकं हसू आलं की विचारू नकोस. आईला असं नाव कुणी ठेवलं नसेल. दुसऱ्या दिवशी तू इथं ठेवून गेलेलं रसायनशास्त्राचं जाड पुस्तक काढलं आणि त्या नावाचा धडा वाचला. अडलेला शब्द मोबाईलमध्ये टाकायचा, अर्थ पाहायचा, पुढं जायचं. दोन पानांना अख्खी दुपार गेली, पण समजलं. ज्या पदार्थाची परीक्षा घ्यायची तो पाण्यात चिमूटभर असतो. वीज वाहून न्यायचं ओझंही त्याच्यावरच पडलं तर तो भलतीकडे ओढला जातो आणि आलेख तिरपा येतो. म्हणून त्याच्या शंभरपट दुसरं मीठ टाकायचं. वीज ते वाहून नेतं आणि तो पदार्थ आपल्या चालीनं यंत्राच्या मोजायच्या पट्टीपर्यंत पोचतो. मीठ स्वतः मात्र काही करत नाही. प्रयोग संपला तरी जसंच्या तसं.

वाचताना मे महिन्याची आठवण येऊन पुन्हा हसले. गावच्या विहिरींत शिसं आहे का ते तपासते म्हणून तू मोबाईलला जोडायचं ते छोटं यंत्र घेऊन आलीस आणि मिठाची बाटली पुण्यात टेबलावरच विसरलीस. नाव सांगितलंस पोटॅशियम नायट्रेट. मी म्हटलं, अगं, हे तर आपले हेमराजभाऊ धानावर फवारतात ते खत, तेरा शून्य पंचेचाळीस! तू नको नको म्हणत होतीस, तरी मी वाटीभर घेऊन आले. प्रेमिलाच्या विहिरीचं पाणी घेतलं, खत घातलं, आणि शिशाच्या जागी आलेखावर हा मोठा उंचवटा. प्रेमिला ओट्यावरूनच ओरडली, "माय वं! पंधरा वर्षांपासून हेच पाणी पिऊन राह्यलो आमी!" हेमराजभाऊ म्हणाले, "तरीच तुमची जीभ एवढी जड पडते सगळ्यांवर." तू शांतपणे नुसत्या शुद्ध पाण्यात तेच खत घालून पाहिलंस, तर उंचवटा तसाच. विहीर निर्दोष, दोष खतातल्या भेसळीचा. पण प्रेमिलाला पटेना. चंद्रपूरहून बाटलीतलं चांगलं मीठ येईपर्यंत तिनं आमच्याकडचंच पाणी नेलं. तू मला तेव्हा समजावलं होतंस की मदतीला आलेल्या मिठानं आपलं स्वतःचं काही सोबत आणायचं नसतं. मी म्हटलं, म्हणजे लग्नघरी कामाला आलेल्या विधवा बाईसारखं. तू हसली नाहीस. मी हसले होते.

तुझ्या बाबांची आठवण पावसाळ्यात जास्त येते. जंगलाचं गेट बंद असायचं, पाहुण्यांना फिरवायची जिप्सी अंगणात ताडपत्रीखाली आणि हे दिवसभर घरी. लाह्या खात एकेक गोष्ट सांगायचे. "वाघ नाई दिसला का पाहुणे माह्याकडं असे पायतेत, जसा का मीच घरी बांधून ठेवला." कुठल्या वळणावर रानकुत्री बसतात, कुठल्या मोहाच्या झाडाला अस्वल नखं घासतं, सगळं मला तोंडपाठ झालं. पण इतकी वर्षं गेटापासून हाकेच्या अंतरावर राहून मी आत एकदाही गेले नव्हते. गाडीतली जागा पाहुण्यांची. एकदा नेतो म्हणायचे, आणि ते राहूनच गेलं. मी त्यांना दोष देत नाही. आम्हा दोघांनाही वाटायचं, वेळ पुष्कळ आहे.

आता खरं सांगते. जुलैत जंगलखात्यानं गावातल्या बायकांसाठी गाईडचं प्रशिक्षण ठेवलं. बचत गटातल्या दामिनीनं माझं नाव तिच्यासोबत दिलं आणि मी खोडलं नाही. प्रेमिला म्हणाली, "या वयात जंगलात जातं काय वं? तुले पाहून वाघच पळन!" मी म्हटलं, पळताना दिसला तरी पाहुण्यांचे पैसे वसूल. गेट पाहुण्यांना बंद होतं, पण पहिल्या दिवशी खात्याची गाडी आम्हाला घेऊन आत गेली आणि बाबांनी सांगितलेलं पहिलं वळण आलं. अस्वलाचा मोह आला. त्यांनी सांगितला त्याच्या निम्माही नव्हता. त्यांचं सगळं वाढवून सांगणं आठवलं आणि मला रडू आलं. दामिनीला वाटलं, मी घाबरले. शेवटी परीक्षा झाली. पक्ष्यांच्या ओळखीत मी पहिली आले. हे तुला फोनवर सांगायला दोनदा सुरुवात केली. पण तू थकलेली होतीस, आणि मग तू पुण्याला यायचं विचारलंस.

म्हणून हे पत्र. फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर मी हो म्हणून बसले असते. रिना, मी दोन वर्षांसाठी येणार नाही. पोळा झाला की येते, बाळंतपण मीच करीन, आणि सप्टेंबर संपताना परत निघेन. तोवर अश्विनला बाळाला न्हाऊ घालायला शिकवते. त्याला जमेल, पोळ्या जमतात तर हेही जमेल. पुढं त्याची आई यायला तयार आहे. तुला न विचारता मी तिच्याशी बोलले, त्याबद्दल माझ्यावर ओरडून घे. पीएचडी सोडायची नाही, तो विषयच काढू नकोस. दिवाळीत बाळाला घेऊन या. तुला वाईट वाटेल हे मला माहीत आहे. मलाही हे लिहिताना वाटतंय, तरीही लिहितेय. रागावलीस तर कधीही फोन कर, मी उचलेन. फक्त एक ऑक्टोबरला सकाळी सहाला करू नकोस. गेट त्या दिवशी उघडतं, गाईड म्हणून माझी पहिली फेरी आहे, आणि आत रेंज नसते.

तुझीच आई,
सत्यशीला