लालीचा ब्रेक लाइट आन माझा साडू

१० ऑगस्ट, रविवार
सासऱ्यानं, म्हंजे भीमसिंग मामानं, शेवटची बैलजोडी मागच्या साली विकली. म्हनून यंदा तांड्याच्या पोळ्यात तोरनाखालून त्यायची ८७ सालची छोटी लाल गाडी जाईन. तिले सारे लाली म्हनते. स्टेअरिंगवर कोन? मोठा जावई, म्हंजे मी. यात विचारासारखं काय हाये?
पन मामानं अट घातली. लालीचा ब्रेक लाइट चोवीस तास जळत राह्यते, सकाळी बॅटरी झोपते. जो तो दुरुस्त करीन, तो चालवीन. हे बोलतांनी मामा भारतकडं पाहे. भारत म्हंजे माझा साडू, बबिताचा नवरा, वणीच्या खाणीत मशीनवर हाये. मी लगेच चाबी उचलली आन गाडी पांढरकवड्याले घरी आनली.
संकल्प : दोन दिवसांत काम खतम.

११ ऑगस्ट
दोन्ही बल्ब नवे टाकले. लाइट आता आधीपेक्षा जास्त उजेड देते. प्रोग्रेस.

१२ ऑगस्ट, सकाळी ७
बॅटरी डाऊन. शेजाऱ्यानं धक्का देल्ला.
उज्ज्वला म्हने भारतभाऊले इचारा, त्यायनं याडीचा, म्हंजे सासूबाईचा, मिक्सर बनोला, तांड्याची मोटर बनोली. बायकोनं परक्याची इतकी तारीफ करू नाई. मी दुसरी भाकर घेतली नाई. तिच्या ध्यानातही आलं नाई.

१४ ऑगस्ट
भारतचा फोन. म्हने दादा, ब्रेक पेडलच्या वरतं एक बारकं स्विच हाये, त्याच्यापुढचं रबराचं बटन जुनं होऊन भुगा होते, तेवढं पाहा. लाइट मागं, आन हा मले पुढं पाहाले लावते! मले येडा समजते का? मी गोड बोलून फोन ठेवला.
मग डिक्कीतली सारी वायरिंग बाहेर काढली. संध्याकाळपर्यंत परत बसवली. तीन वायरी उरल्या. बहुतेक एक्स्ट्रा असतीन.

१५ ऑगस्ट
बबिताच्या स्टेटसवर भारत झेंड्याखाली उभा. शर्टाले कडक इस्त्री. अकरा वेळा पाह्यलं. मी जळत नाई, फक्त मानूस वाचून राह्यलो.
आता इंडिकेटर देल्ला की लालीचा रेडिओ खरखरते.

१७ ऑगस्ट, रविवार
उज्ज्वलानं मले न इचारता कय्युम मिस्त्रीले बोलावलं. तो डॅशबोर्डखाली घुसला, पेडलपासून रबराचा भुगा चिमटीत घेऊन बाहेर आला, तिथं एक बोल्ट बसवला. लाइट बंद. पेडल दाबलं की चालू. पाच मिनिटं.
म्हंजे भारत बराबर होता.
मी कय्युमभाईले म्हनलो, काढा तो बोल्ट. त्यानं मले पाह्यलं, मग उज्ज्वलाले इचारलं, साहेबाची तब्येत बरी हाये ना? मी म्हनलो, भारतच्या सांगन्यावर बनलेली गाडी मी चालवनार नाई, काढा. त्यानं काढला आन चहा न घेता गेला. उज्ज्वला तवापासून बोलली नाई.
आता माझी स्वतःची सिस्टीम. पलंगाजवळचं बेड स्विच काढून डॅशबोर्डखाली लावलं, ब्रेक लाइटची वायर त्याले जोडली. पायानं ब्रेक दाबायचा, डाव्या हातानं स्विच. फर्स्ट क्लास.

२१ ऑगस्ट, गुरुवार
तांड्यावर आलो. खांदमळनी. सासूबाईनं, म्हंजे रुपीबाईनं, बैलाच्या खांद्याले लावते तशी लालीच्या दोन्ही मडगार्डाले हळद आन तूप चोळलं. मग टेस्ट. मामा मागं उभे. मी पाय दाबला, गुपचूप स्विच दाबलं, लाइट लागला. मामा म्हने, जमलं! सगळ्यायनं टाळ्या वाजवल्या, भारतनं सगळ्यात जास्त. त्याले इतका आनंद काहून झाला?
काही असो, जितलो. आनंदात तसाच उतरलो आन जेवाले बसलो.

२२ ऑगस्ट, पोळा
स्विच रातभर चालूच होतं. बॅटरी ठप्प.
तोरनाखाली सारा तांडा जमलेला, डफडं वाजून राह्यलं, मागं तांड्यातल्या नागोरावची बैलजोडी शिंगं हालवून राह्यली. लाली हालेच ना. मी चाबी फिरवतच राह्यलो. भारतनं अस्तन्या वर केल्या आन मागून धक्का माराले लागला. गाडी सुरू झालीच नाई, पन तोरनाखालून गेली. मी स्टेअरिंग धरून होतो. लोकं भारतच्या नावानं ओरडून राह्यले होते.

त्याच दिवशी, संध्याकाळी
मामानं खाटेवर बसवून घेतलं. म्हने, सुनील, तू मनाले लावून घेऊ नको. भारतनं दहा तारखेलेच मले बाजूले नेऊन सांगितलतं, मोठ्या दादाले स्टेअरिंगवर बसू द्या, त्यायले लागते मनाले. मंग ती लाइटची अट मीच घातली, तुले फुकट भेटल्यावानी वाटू नाई म्हनून.
पुरनपोळी गोड लागली नाई.
उज्ज्वला आज पाचव्या दिवशी पयल्यांदा बोलली. म्हने भारतभाऊले निदान धन्यवाद तं द्या. गेलो, देल्ला. तो हासला आन म्हने, दादा, गाडी तं तुमीच चालवली, मी फक्त हात लावला.
मी लय निरखून पाह्यलं, टोमना हाये का. नव्हता. तो मनापासून म्हनून राह्यला होता, आन तेच मले सहन होऊन नाई राह्यलं.